ठेव कोणाच्या भरवशावर?

वर्ध्यात बँकेचा विषय निघाला की २०१२ साल आठवतंच. परवाना नसलेली एकही सहकारी बँक ३१ मार्च २०१२ नंतर राहता कामा नये, अशी मुदत ठरली होती. ती संपली तेव्हा वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक बिनपरवान्याचीच होती. नागपूर आणि बुलडाण्याची जिल्हा बँकही त्याच रांगेत. रिझर्व्ह बँकेनं नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. आधीच खिळखिळ्या झालेल्या बँकेत नवा पैसा येणं थांबलं, की जुने पैसे परत करायला तिजोरीत उरतं काय? गुरुजींच्या निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी केलेली एफडी, कापसाचा चुकारा, सगळं काउंटरच्या पलीकडे अडकलं.

त्या ठेवींना तेव्हाही विमा होता. एक लाखाचा, १९९३ पासून ठरलेला. मग तो का मिळाला नाही? कारण बँक बुडाली, परवाना गेला, अवसायक बसला, तरच ठेव विमा महामंडळ पैसे द्यायचं. वर्ध्याची बँक कागदोपत्री बुडालेली नव्हती. ती फक्त पैसे देऊ शकत नव्हती. बुडाली असती तर निदान लाख रुपये हाती पडले असते. तगून राहिली म्हणून तेही नाहीत. ज्यांनी हा नियम इतकी वर्षं तसाच राहू दिला, त्यांनी ठेवीदाराला कधी माणूस म्हणून मोजलंच नाही, असं माझं मत आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी मिळून भार उचलायचा होता. त्यात महाराष्ट्रातल्या बँका तीन: नागपूर, वर्धा, बुलडाणा. म्हणजे खड्डा भरला करदात्यानं. खड्डा पाडणाऱ्यांचं काय झालं? २००२ मध्ये सरकारी रोखे घेऊन देतो म्हणून होम ट्रेडसारख्या दलाल कंपन्यांनी जिल्हा बँकांचे कोट्यवधी रुपये घेतले. रोखे आलेच नाहीत. नागपूरसारखीच वर्ध्याची बँकही त्यात पोळली. नागपूर बँकेच्या खटल्याचा निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. तत्कालीन अध्यक्षांना पाच वर्षांची शिक्षा झाली, पुढे त्यावर अपील. एकवीस वर्षं! ज्या म्हाताऱ्या माणसाची ठेव अडकली, त्यानं निकालाची वाट बघत जगायचं कशाच्या जोरावर?

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल जिल्ह्यात फार कमी बोललं जातं. जिल्हा बँकेत नुसती ठेव ठेवली म्हणून मत मिळत नाही. संचालक निवडतात ते मुख्यतः सेवा सोसायट्यांचे आणि इतर संस्थांचे प्रतिनिधी, म्हणजे बहुतेक कर्ज घेणारी बाजू. पैसा ज्याचा, त्याला तो कुठे गुंतवावा यावर अवाक्षर काढता येत नाही. सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

ठेव विम्याचा कायदा मात्र बदलला, पण त्यासाठी मुंबईत माणसं रस्त्यावर यावी लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी खात्यातून काढता येणारी रक्कम होती फक्त १,००० रुपये. वर्ध्यातली माणसं त्याच्या सात वर्षं आधी तेच भोगत होती. दूरचित्रवाणीचे कॅमेरे मात्र तेव्हा इकडे फिरकले नव्हते. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख झाली. १ सप्टेंबर २०२१ पासून दुसरी, माझ्या मते जास्त मोलाची सुधारणा लागू झाली: पैसे काढण्यावर निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, बँक मरायची वाट बघायची नाही. बँक दुसरीत विलीन करायची खटपट चालू असेल तर ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढू शकते. पैसे आपोआप येत नाहीत. संमतीपत्र भरून द्यावं लागतं आणि दुसऱ्या बँकेतलं खातं दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक ठेवीदाराचं एक खातं वेगळ्या बँकेत असायलाच हवं. बँकेचे निर्बंध उठायची वाट दवाखाना बघत नाही.

पाच लाखांचा हिशेबही नीट समजून घ्या, कारण इथे भले भले फसतात. मर्यादा माणसामागे, बँकेमागे आहे, खात्यामागे नाही. आर्वीच्या शाखेत तीन लाख आणि हिंगणघाटच्या शाखेत तीन लाख ठेवले तर बँक एकच, म्हणून विमा पाचच लाखांचा. व्याजही त्यातच धरतात. पाच लाखांची एफडी केली आणि तिच्यावर चाळीस हजार व्याज चढलं, तर ते चाळीस हजार उघड्यावर. नवरा-बायकोचं जोडखातं मात्र वेगळं मोजतात. पीककर्ज त्याच बँकेचं असेल तर थकलेली रक्कम ठेवीतून वळती होऊ शकते. ज्यांचं कर्ज आणि ठेव एकाच छपराखाली आहे त्यांनी हे आजच बघून घ्यावं.

आता पतसंस्था. संध्याकाळी पुलगावच्या बाजारात चहाच्या टपरीसमोर पिग्मी एजंट येऊन उभा राहतो. टपरीवाला गल्ल्यातून पन्नासच्या दोन नोटा काढून देतो, एजंट हातातल्या छोट्या मशीनवर आकडा दाबतो, बोटभर चिठ्ठी बाहेर येते, ती साखरेच्या डब्याखाली जाते. एजंट गल्लीतलाच, ओळखीचा. त्याचा दोष नाही. कित्येक एजंटांनी संस्था बुडाल्यावर लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण त्या बोटभर चिठ्ठीमागे एक रुपयाचाही ठेव विमा नाही, हे टपरीवाल्याला कोणी सांगत नाही. पतसंस्था असो, मल्टिस्टेट सोसायटी असो की गावची सेवा सोसायटी, महामंडळाचा विमा यांच्यातल्या कोणालाच लागू नाही. जळगावच्या बीएचआर मल्टिस्टेटचे आणि बीडच्या ज्ञानराधाचे ठेवीदार पैसे अडकल्यावर हे शिकले. वसुलीसाठी १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. त्याखाली संचालकांच्या मालमत्ता जप्त होतात, लिलावाची वाट बघता बघता ठेवीदाराचे केस पांढरे होतात.

बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज देणारी संस्था ते दोन टक्के कुठून आणते, हा प्रश्न विचारायला लाज कसली? ताळेबंद मागा. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला ते विचारा. सचिव उडवाउडवी करायला लागला तर त्याच दिवशी ठेव मोडा, थोडं व्याज गेलं तरी चालेल.

यावर कोणी म्हणेल, मग घरातच ठेवू पैसा. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदीची रात्र इतक्यात विसरलात? डब्यातल्या पाचशे-हजाराच्या नोटा चार तासांत रद्दी झाल्या. जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला १४ नोव्हेंबरपासून बंदी झाली, आणि राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे जमा झालेल्या सुमारे ११२ कोटींच्या नोटा पडूनच राहिल्या. त्या आठांत वर्धाही होती. घरी ठेवायचा तो महिनाभराचा खर्च आणि अडीनडीला लागेल तेवढा. बाकीचा दोन-तीन बँकांत विभागा, आणि म्हातारपणाचा पैसा पोस्टात ठेवा. पोस्टाच्या योजनांमागे थेट केंद्र सरकार उभं आहे. तिथली रांग लांब असते, लिंक जाते, बाबू खेकसतो. तरी पैसा मिळतो.

पण सगळी जबाबदारी टपरीवाल्यावर टाकून सरकारनं हात झटकू नयेत. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायची सक्ती करता येते. मग पतसंस्थेच्या प्रत्येक पासबुकावर, पावतीवर आणि त्या बोटभर चिठ्ठीवर ‘या ठेवीला ठेव विमा नाही’ हे सात वर्षांच्या पोरालाही वाचता येईल अशा ठळक मराठीत छापायची सक्ती सहकार खात्यानं करावी. आणि जिल्हा बँकेच्या संचालक मंडळात ठेवीदारांनी निवडलेले किमान दोन प्रतिनिधी बसवावेत, पुढच्या निवडणुकीच्या आत.