मुखदर्शन मोफत

पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी. संशोधन-नियतकालिकांच्या दुनियेतही तीच व्यवस्था आहे. लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव आणि सारांश हे मुखदर्शन. ते मोफत. पूर्ण लेख वाचायचा म्हटलं, की तीस-चाळीस डॉलरची पाटी झळकते. पंढरीच्या बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये संपवले. इथले हक्क मात्र खुद्द भक्तच कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करून देतो.

लेख लिहिणाऱ्याला मानधन नाही, तपासणारे समीक्षकही फुकट राबतात, संशोधनाचा खर्च बहुधा सरकारी तिजोरीतून. तयार झालेला माल प्रकाशक त्याच प्राध्यापकाच्या ग्रंथालयाला विकतो. याला ज्ञानाचा प्रसार म्हणतात.

सरकारने अखेर देशभराची वर्गणी एकरकमी भरायचं ठरवलं. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली: तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. काम चांगलंच आहे, उगाच नाकं मुरडू नयेत. फक्त पहिला टप्पा सरकारी संस्थांचा. खासगी कॉलेजातल्या संशोधकाने तूर्त कळसाला हात जोडावेत.

बरं, पैसे भरले म्हणजे लेख हाती आला, असं समजू नका. कॅम्पसच्या वायफायवर दार आपोआप उघडतं, म्हणून वायफाय जिथे पोचतं त्या पायरीवर पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली दिसतात. घरून वाचायचं तर ‘तुमची संस्था निवडा’ अशी यादी येते. आपल्याकडे विद्यापीठांचे नामविस्तार होतात, पण यादीला ते कोण कळवणार? त्यामुळे आपलं विद्यापीठ ‘यू’खाली शोधायचं, ‘डॉ.’खाली, की थोर व्यक्तीच्या पहिल्या अक्षराखाली, हा पीएचडीचाच एक स्वतंत्र विषय आहे. सापडलंच, तर पासवर्ड लागतो. पासवर्ड ज्या साहेबांकडे असतो, ते नॅकच्या मूल्यांकनाच्या कामात असतात.

मग गाइडसाहेब आवाज खाली आणून ‘ती साइट’ बघायला सांगतात. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११मध्ये सुरू केलेल्या, असे लेख फुकटात देणाऱ्या साय-हबचं नाव आपल्या विभागांत मोठ्याने घेत नाहीत. डिसेंबर २०२०मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी हे प्रकाशक त्या साइटविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हापासून तर आवाज आणखीच खाली गेला आहे. कॉपीराइटच्या कार्यशाळेचं उद्घाटन अर्थातच गाइडसाहेबांच्याच हस्ते होतं.

राहता राहिला सरळ मार्ग: थेट लेखकालाच मेल टाकायचा. बहुतेक लेखक आनंदाने पीडीएफ पाठवतात. आपलं कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप. एखाद्याचं मात्र उलट उत्तर येतं: ‘छापील आवृत्ती आमच्या ग्रंथालयातही उघडत नाही. तुम्हाला कुठे मिळालीच, तर कृपया एक प्रत मलाही पाठवावी.’