काडीचे मानक

चालत्या घरातील टेबल सुटे निघावे की निघू नये, या प्रश्नाचा निकाल युरोप खंडाने केव्हाच लावून टाकला आहे. आसने व टेबल, निजण्याची सोय (आसनांचीच शय्या होत असल्यास हरकत नाही), स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा एवढे सर्व जिच्यात असेल, आणि ते सर्व जिच्या अंगाशी पक्के जखडलेले असेल, तीच घरगाडी. टेबल तेवढे सहज काढता आले तरी चालेल, असे तेथील वाहनमंजुरीचे नियम सांगतात. दोन महायुद्धे लढून थकलेल्या खंडाने एका टेबलास बहाल केलेले हे स्वातंत्र्य वाचून आमचे अंतःकरण भरून आले, आणि इतक्या सूक्ष्म विचाराचा काही अंश आपल्याकडील कायदेपंडितांतही उतरला आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी आम्ही कायद्याची बाडे धुंडाळू लागलो.

उतरला आहे. २००४ सालच्या नोव्हेंबरात वाहनांची जी वर्गवारी प्रसिद्ध झाली तीत टॉवर वॅगन आणि झाडे छाटण्याची गाडी यांच्या पंक्तीत ‘खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन अथवा ट्रेलर’ हिलाही स्थान मिळाले. तिच्याकरिता एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही निघाले. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ बजावते. आणि केलाच, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दर फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही फर्मावते. ‘दर फेरफारास’ हे शब्द ज्याने घातले त्याची प्रतिभा सामान्य नव्हे. जुन्या टेम्पोत शेगडी बसविली, हा एक फेरफार; शेगडीखाली फळी, हा दुसरा; फळीस बिजागरी, हा तिसरा; आणि बिजागरीस चार स्क्रू असल्यास हिशेब कोठे थांबवावयाचा, हे पंचनामा करणाऱ्याच्या भूतदयेवर अवलंबून. परंतु आमची त्याबद्दल तक्रार नाही. गाडीच्या आत काय असावे आणि काय नसावे, याची तजवीज कोणीतरी करून ठेवली आहे, एवढेच येथे नमूद करावयाचे.

पुढे २०२१ साली राज्यात कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर झाले. त्यात कॅरॅव्हॅन पार्क आले, पार्कात पाणी, रस्ता व वीजजोडणी आली, आणि मुद्रांक शुल्कापासून विद्युत शुल्कापर्यंतच्या सवलतीही आल्या. विद्युत शुल्क माफ होण्यास आधी विद्युत यावी लागते, हा क्षुद्र आक्षेप कोणी घेऊ नये. धोरणास दूरदृष्टी असते, आणि दूर पाहणाऱ्यास जवळचे भिंतीवरील छिद्र दिसत नाही.

या धोरणाच्या भरवशावर कुटुंबासह रायगडदर्शनास निघणारा गृहस्थ वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अर्धी विजार, कपाळावर चढविलेला काळा चष्मा, परदेशी वास्तव्यातून आणलेली दोन-चार मते, आणि सर्व कागदपत्रे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्याने गाडी रीतसर बांधून घेतलेली असते, मंजुरीचा दाखला मिळविलेला असतो, एकही स्क्रू नोंदणीबाह्य नसतो. आणि गाडीच्या कुशीत, पावसाळी झाकणाखाली, त्याने ती सुप्रसिद्ध निळी तोटी बसविलेली असते, जी इंग्लंड-जर्मनीच्या तळांवर सोळा अँपियरची वीज घेण्याकरिता सर्वत्र चालते. अशा सज्जतेने तो पाचाडला मुक्काम करून, गड पाहून, महाडात मिसळ खाऊन, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठण्याच्या इराद्याने पोलादपूरला येतो. तोवर अंधार पडतो, घाटात धुके असल्याची वार्ता येते, आणि शीतपेटीतील दुधाची चिंता उत्पन्न होते. पार्क कोठे आहे, असे तो विचारतो. लोक त्यास प्रथम बाग दाखवितात, नंतर ट्रक उभे राहतात ती जागा दाखवितात, आणि अखेरीस चहाच्या टपरीकडे बोट करतात.

टपरीच्या भिंतीवर बोर्ड असतो. त्या बोर्डावर एक दिव्याचे बटण, एक पंख्याचे, एक कशाचेच नव्हे असे, आणि त्यांच्या खाली सहा अँपियरचे तीन छिद्रांचे सॉकेट असते. निळी सोळा अँपियरची पिन आणि हे सॉकेट यांची भेट म्हणजे दोन राष्ट्रांच्या वकिलांची दुभाष्यावाचून झालेली भेट होय. मग टपरीवाला पुढे सरतो. तो निळी पिन हातात घेऊन तिचे कौतुक करतो, “चांगली आहे हो साहेब, भारी आहे,” असे म्हणून ती सोडवून बाकावर ठेवतो, वायरीची सुटलेली टोके दातांनी सोलतो आणि खिशातून आगपेटी काढतो.

येथे वाचकांनी किंचित थांबावे, कारण आपल्या विद्युत संस्कृतीचे सार या क्षणात आहे. आधुनिक सॉकेटात बालकांच्या बोटांचे रक्षण व्हावे म्हणून आतून एक पडदा असतो. वरच्या मोठ्या छिद्रात अर्थिंगची लांब पिन शिरली, म्हणजेच तो पडदा सरकतो आणि खालची दोन छिद्रे मोकळी होतात; म्हणजे जिवाच्या रक्षणाची तार आधी जोडा, मगच प्रवाह मागा, अशी ती योजना. ज्या अभियंत्याने ती योजिली त्यास मनुष्यस्वभावाची जाण होती, फक्त आगपेटीची कल्पना नव्हती. टपरीवाला एक काडी वरच्या छिद्रात खुपसतो. पडदा, आपल्यापाशी साक्षात भूमाता आली अशा समजुतीने, आदराने बाजूस होतो. खालच्या दोन छिद्रांत दोन उघड्या तारा जातात, आणि त्या हलू नयेत म्हणून आणखी दोन काड्या त्यांच्या शेजारी खोचल्या जातात. तीन छिद्रे, तीन काड्या, दोन तारा. गाडीतील शीतपेटी घुरघुरू लागते. साऱ्या गाडीचा धातूचा सांगाडा, त्यातील कुटुंब, पायरीवर पाऊल ठेवून ओल्या जमिनीवर उतरणारे मूल, या सर्वांचे भूमीशी असलेले कायदेशीर नाते त्या एका काडीच्या स्वाधीन होते. आणि काडी लाकडाची असते.

इतर देशांनी या तिसऱ्या तारेवरून केवढे काहूर माजविले आहे! इंग्लंडात २००२ च्या विनियमांनी अशी आज्ञा केली की, ज्या जोडणीत न्यूट्रल आणि अर्थ रस्त्यापर्यंत एकाच वाहकातून येतात, तिची अर्थ घरगाडीच्या धातूस जोडावयाचीच नाही. न्यूट्रल तुटले तर अवघी गाडीच जिवंत व्हावी, ही भीती. तळावरील प्रत्येक सॉकेटास ३० मिलिअँपियरवर तुटणारा स्वतंत्र रक्षक हवा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. फ्रान्समध्ये तळवाला सहा अँपियर हवेत की दहा, असे विचारून पैसे घेतो, आणि सहावाल्याने चहाची किटली लावून वर इस्त्री लावली की त्यास अंधारात बसवितो. ऑस्ट्रेलियात घरगाडीची पंधरा अँपियरची अर्थ-पिन मुद्दाम रुंद ठेवली आहे, ती घरच्या दहा अँपियरच्या सॉकेटात जाऊ नये म्हणून. आणि तेथेही काही पुण्यपुरुष कानस घेऊन ती पिन घासतात, हे ऐकून आम्हांस बंधुभावाचा गहिवर येतो. आपली गोल पिन मूळची इंग्रजांचीच. त्यांनी १९४७ साली, बरोबर ज्या वर्षी येथून गाशा गुंडाळला त्याच वर्षी, स्वगृही चौकोनी फ्यूजवाल्या पिनेचे मानक काढले आणि गोल पिन आमच्यापाशी ठेवून गेले. तिचे पुढे आय.एस. १२९३ झाले. काडीचे मात्र अद्यापि काहीच झालेले नाही.

बरे, टपरीवाल्याने ही वीज दिली ती कोणत्या अधिकाराने? २००३ च्या विद्युत कायद्याचे कलम १२ म्हणते की, परवान्यावाचून कोणी विजेचे वितरण वा व्यापार करू नये. कलम १२६ म्हणते की, ज्या जागेकरिता पुरवठा मंजूर झाला तीहून अन्य जागी वीज वापरल्यास तो अनधिकृत वापर, आणि आकारणी दरपत्रकाच्या दुपटीने. घरगाडी ही ‘अन्य जागा’ खरी. पण ती सकाळी सातला घाट चढून जाते, मग पंचनाम्यात चतुःसीमा कोणत्या लिहावयाच्या? पूर्वेस महाबळेश्वर, पश्चिमेस सावित्री? आता २०१८ च्या एप्रिलात केंद्रातून एक खुलासा निघाला की, विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे आणि तिला परवाना नको. म्हणजे तीच वीज गाडीच्या चाकांस दिली तर सेवा. त्याच गाडीत निजलेल्या आजीच्या पंख्यास दिली तर काय, याविषयी खुलासा मौन पाळतो. सरळ आकडा टाकणाऱ्याची वाट त्या मानाने स्वच्छ: कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद अथवा दंड. संभ्रम आहे तो नियमाने मीटर घेतलेल्या मनुष्यास.

गृहस्थाने स्वतःच रीतसर तात्पुरती जोडणी मागावी, असे कोणी सुचवील. मागतो. अर्जात जागेचा पुरावा लागतो. गाडीस सातबारा नाही. घरपट्टीची पावती नाही. खिडकीमागील कारकून नोंदणीपुस्तक उलटसुलट करून पाहतो, त्यात गट नंबर शोधतो, चासी नंबर सापडतो, आणि तो पाहून क्षणभर त्याचाही निश्चय डळमळतो. इतका लांब नंबर असलेली वस्तू बेकायदेशीर असेल असे त्यास वाटत नाही. पूर्वी मिठाचे पोते घेऊन घाट चढणारे लमाणांचे तांडे याच मुलुखातून जात. त्यांच्याकडून जकात घेत, पण मुक्कामाचा उतारा मागत नसत.

ही काडी पाहून ज्यांना हसू येते त्यांनी जूनच्या मध्यावर आमच्याकडच्या डोंगरकुशीतील एखाद्या वाडीत येऊन राहावे. पहिली सर येते आणि बत्ती जाते. फांदी तारेवर पडते, डीपी जळतो, तक्रारीचा फोन वाजत राहतो. वायरमन एक आणि गावे पंधरा, तेव्हा तो बिचारा खांबावर चढून भिजत असतो आणि शिव्या त्यालाच बसतात. चार-चार दिवस गिरणी बंद, दळण तसेच पडलेले, पोरे रॉकेलच्या चिमणीचा काळ आठवणाऱ्या आजोबांच्या शेजारी मोबाइलच्या उजेडात अभ्यासाला बसलेली. बत्ती आली तरी कशी येते? पुरवठा २३० व्होल्टांपासून ६ टक्क्यांहून अधिक ढळू नये असे १९५६ च्या नियमांत लिहिले होते, म्हणजे २१६ च्या खाली जाता कामा नये. येथे संध्याकाळी दिव्याची तार निखाऱ्यासारखी तांबडी दिसते आणि पंप नुसता कण्हतो. बिल मात्र ऊन-पाऊस न पाहता वेळेवर येते, त्याची फांदी कधी कोणत्या तारेवर पडत नाही! आणि त्या तिसऱ्या छिद्राचे म्हणाल, तर काडी काढून तेथे खरी पिन घातली तरी आमच्या वाड्यांतील किती घरांत तिच्यामागे काही जोडलेले आहे? कोळसा-मिठाचा खड्डा खणून नळी पुरावयाची असते. खड्ड्याचे देयक निघते, खड्डा निघत नाही. ज्या वर्षी ते पार्कांचे धोरण आले त्याच वर्षीच्या जुलैत सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या, तळियेवर डोंगर कोसळला, आणि चिखलाने भरलेल्या घरांत लोकांनी अंधारात रात्री काढल्या. त्या लोकांच्या नाकासमोर ‘निवासी वाहनांकरिता अखंडित वीजपुरवठा’ असा फलक ज्याला लावावयाचा असेल त्याने खुशाल लावावा, पण उद्घाटनाला येताना जनरेटर आणू नये. त्याच बोर्डावर, त्याच बत्तीवर, सावित्रीच्या काठी एक रात्र काढावी, आणि सकाळी भाषण करावे.

आमचा राग जरा वाहवत गेला. गृहस्थाची शीतपेटी तिकडे चालू आहे. तेव्हा व्यवहारास धरून सुचवितो की, काडीस मान्यता द्यावी. तिची लांबी, जाडी आणि लाकडाची जात मुक्रर करण्यासाठी समिती नेमावी. गुलाचे टोक छिद्रात आत राहावे की बाहेर, या प्रश्नावर समितीत निश्चित दोन पक्ष पडतील: आत ठेवल्यास ठिणगीचा धोका, बाहेर ठेवल्यास बिडी ओढणाऱ्याचा. अल्पमतवाल्यांची भिन्नमतपत्रिका जोडावी. प्रवाशाने स्वतःची काडी आणल्यास तो कलम १८२-अ अन्वये फेरफार समजावा काय, आणि समजल्यास तीन काड्यांचे १५,००० रुपये होतात की तीन काड्या मिळून एक जोडणी धरावी, याचाही अभिप्राय घ्यावा. आर्थिक बाजूही समितीने ध्यानी घ्यावी. २०२१ च्याच डिसेंबरात एक रुपयाची आगपेटी दोन रुपयांची झाली, ती चौदा वर्षांनंतर प्रथमच. धोरणाचा आणि या दरवाढीचा काही संबंध असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

टपरीवाल्यास समितीची वाट पाहावयास सवड नव्हती. कोणी शहाण्याने त्यास सांगितले की वीज विकशील तर परवाना लागेल. त्याने रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी भजीच्या दरपत्रकाखाली खडूने दोन ओळी वाढविल्या: ‘गाडीला लाइट फुकट. काडी ५० रु. नग.’