पंधरा वर्षांची नोटीस

जोगेश्वरी पश्चिमेहून अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल हाकेच्या अंतरावर. मुंबई सिटी या फुटबॉल संघाचं ते घरचं मैदान. पण 2025-26च्या हंगामात सामना कधी, हे मात्र विचारायची सोय नव्हती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आपले व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी दिले, त्यातून 2014 मध्ये इंडियन सुपर लीग जन्मली. करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार, हे सही करतानाच ठाऊक होतं. तरी जुलै 2025 मध्ये सगळ्यांना ते अचानक आठवलं आणि हंगाम लटकला. 15 वर्षांची नोटीस अंमळ तोकडीच पडली म्हणायची! शेवटी क्रीडामंत्री मध्ये पडले आणि एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या लीगला 14 फेब्रुवारी 2026चा मुहूर्त मिळाला, तोही व्हॅलेंटाइनचा. 14 संघ, प्रत्येकाची दुसऱ्याशी एकदाच गाठ, एकूण 91 सामने. आधी संघ एकमेकांना घरी आणि दारी असे दोनदा भेटत. या काटछाटीला वेळापत्रकाची सुधारणा म्हणण्याचा मोह कुणाला झालाच, तर आवरावा. आमच्याकडची गणेशोत्सव मंडळं विसर्जन उरकलं की पुढच्या वर्षीच्या मूर्तीची ऑर्डर देतात. महासंघाने त्यातला एखादा कार्यवाह वर्षभरासाठी उसना मागून न्यावा.