अण्णा, मुन्नाडी!

कुंभकोणमहून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात चोळपुरम् लागतं. पाटी दिसताच अण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि टपरीवाल्याकडे राजेंद्र चोळाच्या भव्य देवळाची चौकशी केली, हिंदीत. टपरीवाल्यानं हात लांब केला. फारच लांब केला. ते देऊळ गंगैकोंड चोळपुरम्‌ला, कोळ्ळिडम नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. हे नुसतं चोळपुरम्. फसगत होणारे अण्णा पहिले नसावेत, कारण टपरीवाल्यानं कॉफी आधीच गाळायला घेतली होती.

"ज्यांच्या आरमारानं १०२५ च्या सुमारास समुद्र ओलांडून श्रीविजयावर स्वारी केली," अण्णा कडाडले, "त्यांच्या नावाच्या गावात साधी होडी नसावी?"

"होडीच हवी ना? मग पिचावरमला चला," वहिनी म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

आणैक्करैला आर्थर कॉटनच्या, १८३० च्या दशकातल्या बंधाऱ्यावरून कोळ्ळिडम ओलांडली, वाटेत ते भव्य देऊळही पाहिलं आणि चिदंबरमवरून पिचावरम गाठलं. वेळ्ळार आणि कोळ्ळिडम यांच्या मुखांमधलं हे खारफुटीचं जंगल. एम. जी. आर. यांच्या १९७५ च्या 'इदयक्कनी'चं चित्रीकरण इथे झालं होतं. अण्णांना त्याचं काही नव्हतं. त्यांचे डोळे होडीच्या मागच्या फळीला अडकवलेल्या इंजिनावर खिळले होते. निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर समोर इंजिन असताना झाडं बघत नाही.

होडी सुटायच्या आत आमचं शिक्षण सुरू झालं. फळीवरच्या कंसाला भोकांची रांग असते आणि त्यातल्या एका भोकात पिन. पिन फळीकडच्या भोकात घातली की पंखा आत येतो आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली दबते, बाहेरच्या भोकात घातली की नाळ वर उचलते. यालाच ट्रिम म्हणतात. फार बाहेर काढली तर वेगात होडी उड्या मारायला लागते. पंख्याला पाण्याऐवजी हवा लागली की इंजिन किंचाळतं आणि होडी मात्र जागची हलत नाही. मोठ्या इंजिनांना यासाठी बटण असतं, इथे इंजिन बंद करून हातानं पिन बदलायची. नावाडी प्रत्येक वाक्याला "सरि, सरि" म्हणत होता. इंजिनाच्या बाजूनं थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडतेय ना, एवढंच तो बघत होता.

मोकळं पाणी लागल्यावर त्यानं हँडलला अण्णांना जरा हात लावू दिला. इंजिन बंद करणारी लाल गुंडाळीची दोरी मात्र स्वतःच्याच मनगटात ठेवली. त्याला माणसं ओळखता येत होती. अण्णांचा उभा जन्म चेतकवर गेलेला. मूठ पिळली की वेग वाढतो, इथवर दोन्ही वाहनांचं जमतं. पुढे मात्र बिनसतं. हँडल उजवीकडे ढकललं की होडी डावीकडे वळते. समोर खारफुटी आली, अण्णांनी डावीकडे पळण्यासाठी हँडल डावीकडे दाबलं आणि होडी उजवीकडच्या मुळांच्या भेटीला निघाली. नावाड्यानं दोरी ओढली. इंजिन गप्प झालं. अण्णाही.

"पिन चुकीच्या भोकात आहे," भानावर आल्यावर अण्णा म्हणाले. "नाळ बघा किती वर आलीय!"

नाळ वर आली होती, हे खरं. नावाड्यानं पिनीकडे पाहिलं, मग अण्णांच्या एकंदर विस्ताराकडे पाहिलं. "सार, मुन्नाडी उक्कारुंगा," तो म्हणाला आणि एसटीच्या कंडक्टरनं "पुढे सरका" म्हणून करावा तसा हात केला. अण्णा जीव मुठीत धरून पुढे सरकले आणि वहिनींशेजारी बसले. नाळ सुतासारखी खाली आली. एवढ्याशा होडीत पिनीपेक्षा बैठकीचाच प्रभाव जास्त, पण हे इंजिनिअरला सांगायचं कुणी?

परतताना उथळ पाणी लागलं. नावाड्यानं वेग कमी केला आणि इंजिन थोडं तिरकं उचलून पंखा चिखलापासून वाचवला. तेवढ्यात शेजारून एक होडी आली, नाळ थेट आभाळात. तिच्या नावाड्यानं अण्णांकडे बोट दाखवून आमच्या नावाड्याला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" अण्णा.

"तुम्हाला उसने मागतोय," वहिनी म्हणाल्या.