सेकंद ऋण असेल असा संशय घेणाऱ्या पंडितास

श्री. संगणकीय बीजगणित प्रणाली यांसी,


आपल्यापुढे एक किरकोळ गणित ठेवलं होतं. लंबक १ मीटरचा, गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, आवर्तकाल सांगा. अकरावीतलं पोर ‘दोन सेकंदांच्या जरा वर’ म्हणून मोकळं होतं. आपण सांगितलंत: २π√५ भागिले ७, गुणिले सेकंदवर्गाचं वर्गमूळ.

सेकंदवर्गाचं वर्गमूळ! ते म्हणजे सेकंदच, असं लिहायला आपला हात धजला नाही. कारण हा सेकंद ऋण निघाला तर? संमिश्र निघाला तर? आपल्या लेखी सेकंद म्हणजे क्ष आणि मीटर म्हणजे य. चारित्र्याचा दाखला आणल्याशिवाय आपण कुणालाच घरात घेत नाही. धन्य ती सावधगिरी.

म्हटलं, राहू द्या, दशांशात किंमत द्या. तेव्हा मात्र सगळी सावधगिरी गळून पडली. २.००७०८९९२ आणि त्यापुढे अंकांची रांग. दोरी आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने मोजली होती, पण आपला उत्साह अब्जांशाच्याही पलीकडे! शिवाय सेकंदाच्या डोक्यावरचा घातांकही सोडला नाहीत. वर्गमूळ होतं तिथे ०.५ घात आला. किंमत π ची आणि √५ ची हवी होती हो, घाताची नव्हे. आपले एक भाऊबंद तर याहून सरस: एकक दिसताच ‘यात चल आहे, किंमत निघत नाही’ म्हणून हात वर करतात.

मग लोक काय करतात? एककं खोडतात, नुसते आकडे आपल्याला खाऊ घालतात आणि उत्तराला एकक मागाहून आठवणीने चिकटवतात. नागड्या आकड्यांनी काय होतं ते १९९९ साली नासाने पाहिलं. जमिनीवरच्या एका आज्ञावलीने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले, पुढच्या आज्ञावलीने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. फरक ४.४५ पटींचा. २३ सप्टेंबरला मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापासून जेमतेम ५७ किलोमीटरवर गेलं आणि हरवलं. त्यात आपला हात नव्हता, हे कबूल. पण एककं खोडायची सवय आपणच लावता.

मागणं फार नाही. मीटर, सेकंद, किलोग्रॅम यांना जन्मतःच धन समजा. दशांश करताना घातांकाला हात लावू नका. आणि दिलेल्या मापांत तीन अंक भरवशाचे असतील, तर उत्तरातही तीनच दाखवा. आपल्या काही भावंडांना यातलं पहिलं जमतं, तेव्हा ते अशक्य आहे असं कृपया सांगू नये.

आपला,
एक त्रस्त गणिती

ता. क. १० अंश सेल्सिअस तापमान म्हणजे २८३.१५ केल्विन, तापमानात १० अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे फक्त १० केल्विन. या दोहोंतला फरक विचारणार होतो, पण आधी सेकंदाचं मिटू द्या.