लायफरराव

आमच्या सोसायटीत त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. दारावर आडनावाची पाटी आहे, पण वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते लायफरराव. आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्याला पक्षीनिरीक्षकांच्या बोलीत ‘लायफर’ म्हणतात. चुकलो. ‘पक्षीनिरीक्षक’ त्यांना चालत नाही. ‘बर्डवॉचर’ही नाही, तो बाकावर बसून शेंगा खात बघतो. हे ‘बर्डर’. आणि नुसता आकडा वाढवायला रातोरात गाडी हाणत जातो तो ‘ट्विचर’. हा शब्द ते नाक मुरडून उच्चारतात आणि त्याच रात्री भिगवणला निघतात.

बँकेत होते तोवर त्यांना कावळा, चिमणी, पोपट एवढेच पक्षी ठाऊक होते. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दुर्बीण दिली आणि घात झाला. भाजी, भाडेकरू, पाण्याची टाकी, सगळं अजून मराठीतच. पण पानाआड काही हललं की माणूस इंग्रजीत जातो. दुर्बिणीलाही दुर्बीण म्हणायचं नाही, ‘एट बाय फॉर्टी-टू’ म्हणायचं. पक्ष्याला भुवई नसते, ‘सुपरसिलियम’ असतं. परवा वहिनी चारचौघांत म्हणाल्या, “अहो, दाढी केलीत, पण डाव्या सुपरसिलियमला फेस तसाच राहिलाय.”

बुलबुलाचं घ्या. शेपटीखाली लाल म्हणून आपल्या लोकांनी सरळ ‘लालबुड्या’ नाव ठेवलं. लायफररावांना हे बायकामाणसांत उच्चारायला संकोच वाटतो. ‘रेड-व्हेंटेड’ मात्र ते सत्यनारायणाच्या पंगतीतही खणखणीत म्हणतात. इंग्रजीत गेलं की बुडालाही सूटबूट चढतो.

सकाळी कंपाउंडात सातभाईंची टोळी कलकलाट करत उतरली की ते खाली धावतात. “जंगल बॅबलर! साहेबलोक ह्यांना सेव्हन सिस्टर्स म्हणत.” ह्यावर वहिनींचं उत्तर तयार असतं : साहेबाला भांडताना बहिणी दिसल्या, आपल्याकडे भाऊबंदकी असते, हे आपल्याला माहीत. पावशाचीही तीच कथा. शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा’ म्हणताना ऐकू येतो, उन्हानं डोकं उठलेल्या साहेबाला ‘ब्रेन फीवर’ ऐकू आलं. ज्याचं त्याचं दुखणं.

सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली आलं. त्याची एक जुनी प्रत लायफररावांच्या देव्हाऱ्याशेजारी असते. पण तिच्यातली कितीतरी नावं आता बदलली, ह्याचं त्यांना कोण दुःख! क्रो-फेझंट गेला, ग्रेटर कूकल आला. दर वर्षी नावांची सुधारित यादी निघते आणि ते ती व्याजदराच्या परिपत्रकासारखी अधोरेखित करत वाचतात. माझी आई मूळची बार्शीकडची. तिला ह्यातलं काही कळत नाही. तिचा भारद्वाज आजही भारद्वाजच आहे, आणि उजवीकडून गेला तर ती अजून हात जोडते.

बार्शीलाच एकदा मी त्यांना घेऊन गेलो होतो. हिवाळा, ज्वारी हुरड्याला आलेली, आणि आभाळात भोरड्यांचा थवा धुरासारखा वळत होता. लायफरराव बांधावर उभे राहून ओरडले, “मर्मरेशन! मर्मरेशन!” मचाणावर माझा मामेभाऊ गोफण फिरवत होता. त्यानं विचारलं, “पाहुणे असं वरडल्यावर ते उडत्यात का?”

मर्मरेशनसारखे हे समूहाचे शब्द म्हणजे त्यांचा जीव की प्राण. १४८६ साली इंग्लंडात छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट अल्बन्स’ ह्या शिकारीच्या पुस्तकात असल्या शब्दांची भलीमोठी यादी आहे. शिकारी उमरावांनी आपलं खानदान दाखवायला पाठ करायची ती. लायफररावांनी ती का पाठ केली ते विचारू नये. चंडोलांचा थवा ‘एक्झल्टेशन’. इथवर ठीक होतं. पण कावळ्यांच्या थव्याला इंग्रजीत ‘मर्डर’ म्हणतात.

सी विंगमधल्या एका काकांचा दहावा होता. घाटावर पिंड मांडलेले, कावळा शिवेना. मुलगा हात जोडून एकेक वचन देतोय : आईला सांभाळू, गावचं घर विकणार नाही. सगळे श्वास रोखून. तेवढ्यात पिंपळावर पंचवीस-तीस कावळे येऊन बसले आणि मागून लायफररावांचा आवाज आला, “अहाहा! काय सुंदर मर्डर आहे!”

मुलगा गर्रकन वळला. धाकट्या जावयाचा चेहरा उतरला, तो का ते अजून सोसायटीत चर्चेत आहे. गुरुजींनी मंत्र थांबवला. तेवढ्यात एक कावळा पिंडाला शिवलाही, पण लायफररावांचं समाधान होईना. “हा हाउस क्रो. मानेला राखी कॉलर आहे बघा. जंगल क्रो शिवला असता तर मजा होती.” तेव्हापासून त्यांना दहाव्याला कोणी बोलावत नाही. तेराव्याला बोलावतात, जेवायला.

गेल्या महिन्यात ते आमच्या गॅलरीत आले, ओठांवर बोट ठेवून. कुंडीच्या काठावर काहीतरी तपकिरी बसलं होतं. “एलबीजे,” ते कुजबुजले. म्हणजे ‘लिटल ब्राउन जॉब’. कुठला ते ओळखू न येणाऱ्या बारक्या तपकिरी पक्ष्याला इंग्रज बर्डर असं म्हणून हात झटकतो. लायफरराव झटकणारे नव्हेत. दुर्बीण लावून ते पुटपुटू लागले. “सुपरसिलियम फिकट... पाठीवर स्ट्रीक्स... चोच जाड, कोनिकल... फिंचकडचं काहीतरी. रोझफिंचची मादी? पण ह्या महिन्यात? जिझ जुळत नाही.” जिझ म्हणजे पक्ष्याची चालढाल, एका नजरेत ओळख पटवणारी. एवढ्यात आई तांदूळ निवडायला बाहेर आली. तिनं चष्माही लावला नव्हता.

“चिमणी आहे ती,” आई म्हणाली, आणि चार दाणे टाकले.

लायफररावांनी दुर्बीण खाली केली. बराच वेळ कुंडीकडे पाहिलं. मग खिशातून वही काढून पानं उलटू लागले. पुढून मागे, मागून पुढे. निवृत्तीपासून त्यांनी ४१२ जाती टिपल्या होत्या. रणातल्या, सह्याद्रीतल्या, थेट अरुणाचलातल्या. चिमणी त्यात नव्हती. ती काय टिपायची, असं दर वेळी म्हणता म्हणता राहून गेली होती.

संध्याकाळी अख्ख्या विंगमध्ये पेढे आले. लायफर मिळाला की वाटायचे, असा त्यांचा नेम आहे. ४१३ : हाउस स्पॅरो, फीमेल.