वर पडणारा माणूस

सिएटलजवळच्या बेलव्ह्यूत दर शनिवारी आम्ही पाच संसारी मराठी माणसं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. आईला फोनवर 'पत्ते' असं सांगतो. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, मी असलो तरी राज्य चालतं ते नियमवाल्याचं. असा एक प्रत्येक टोळीत असतोच. सोसायटीच्या वार्षिक सभेला उपविधींची प्रत काखोटीला मारून येतो ना, तोच हा. फक्त याला व्हिसा मिळाला. खेळाची पुस्तकं काढणारी कंपनी शेजारच्या रेंटनला आहे. हा अजून तिथे जाऊन भांडला नाही, याचं श्रेय वहिनींचं.

याचा जादूगार तेराव्या पातळीला पोचला आणि त्याने 'रिव्हर्स ग्रॅव्हिटी' हा मंत्र घेतला. 50 फूट त्रिज्येचा, 100 फूट उंचीचा दंडगोल. त्यात जे जे जमिनीला जखडलेलं नाही ते वर पडतं. 'उडतं' म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो, तर वीस मिनिटं ऐकून घ्यावं लागलं. छताला आपटलं की जमिनीवर आपटल्याइतकंच लागतं, दर 10 फुटांना सहा बाजूंचा एक फासा. मंत्र सरला की तेच सगळं पुन्हा खाली. "एका तिकिटात दोन खेळ," असं तो डोळे मिटून म्हणतो.

मंत्राला चुंबकदगड आणि लोखंडाचा कीस लागतो. तो जादूगाराच्या थैलीत असला की पुरे. पण हा घरच्या फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढून आणतो. त्या शनिवारी वहिनींची किराण्याची यादी पडते. (खालीच.)

गेल्या महिन्यात योग आला. दालनाचं छत 40 फुटांवर, मधोमध चार राक्षस. त्याने चुंबक फिरवलं, केंद्रबिंदू दाखवला. मी नकाशावर दोरा धरतोय तोच म्हणाला, "थांब. पन्नास ही त्रिज्या आहे, व्यास नव्हे." त्याचा स्वतःचा जादूगार, तोही आधीच जखमी, केंद्रापासून 30 फुटांवर उभा. आमच्यापैकी कोणी बोललं नसतं. भजी गार होत होती.

"तू बाहेर आहेस असं धरू," मी म्हणालो. त्याने असं पाहिलं की मला लाच देताना पकडल्यासारखं झालं.

धरायला खांब नव्हता. "अरे, 'फेदर फॉल' आहे ना तुझ्याकडे?" एकाने सुचवलं. त्या मंत्राने पडणारा माणूस सहा सेकंदांच्या फेरीला 60 फूट अशा बेताने पडतो, लागत नाही. याने पुस्तक उघडलं. "इथे 'उतरण्याचा वेग' लिहिलंय. मी उतरतोय का?" चाळीस मिनिटं वाद झाला. आम्ही चौघं त्याला वाचवायच्या बाजूने, तो एकटा विरुद्ध. जिंकला.

छताला आपटला. चार फासे. मी पुढे सरकतोय तर, "मार लागलाय, एकाग्रतेचा फासा राहिला." टाकला, चार पडले. मंत्र तुटला, राक्षस आणि हा एकदमच 40 फूट खाली. राक्षस उठले. हा उठला नाही.

रात्री दोन वाजता त्याचा निरोप आला. मी बेरीज चुकलो होतो. मी समजतो त्यापेक्षा तो तीन गुणांनी जास्त मेला आहे.